सत्तावन्न फुटांच्या डोंग्यात बाबा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, तळाशी गाळ साचतो, तसे ते आपोआप साचतात. मी दर दोन वर्षांनी चंद्रपूरकडच्या मूलला येते, तिथून गावी जाते आणि पहिल्याच दिवशी चहा संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, "बाई, तिकडं इंग्लंडात तू राहते कुठी?"

"डोंग्यात," मी सांगते.

आमचं गाव ढिवरांचं. तलाव, डोंगे आणि जाळी यांच्यावरच पिढ्या गेल्या. त्यामुळे विचारणारा आधी माझ्याकडे नीट पाहून घेतो. मागच्या वेळी शेजारच्या सखुबाई म्हणाल्या, "मंग इथी काय डोंगे नव्हते? इतक्या दूर कायले गेली?"

याचं उत्तर द्यायला बसलं की बाबांचे किस्से निघतात. एका वर्षी बाबा उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्या बोटीवर राहून गेले. मी बर्मिंगहॅमच्या बाजूला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिकडे दोनशे वर्षांपूर्वी कोळसा वाहायला खोदलेले कालवे आहेत. त्यांत लांबलचक, अरुंद बोटींमध्ये माणसं घर करून राहतात. माझी बोट सत्तावन्न फूट लांब आणि सात फूटही रुंद नाही. आत पलंग, चूल, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आहे. कायमची जागा नसेल तर दर चौदा दिवसांनी बोट पुढे न्यावी लागते. म्हणजे घर तेच, शेजार नवा. हॉस्पिटलची बस कुठून मिळते ते पाहून मी बोट बांधायचे खुंटे ठोकते.

* * *

बोट घेतली तेव्हा मी फोनवर सांगितलं.  बाबा म्हणाले, "तुले नर्स केलं ते डोंग्यातून बाहेर काढासाठी. तू तिकडं जाऊन परत डोंग्यातच बसली?"

मी खूप समजावलं. इथे डॉक्टरही बोटीत राहतात, मास्तरही राहतात, हौसेनं राहतात. बाबांना पटेना. आठवडाभर रोज फोन. "जेवली का? नोकरी आहे नं? खरं सांगजो." आठव्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "जाळं पाठवू काय?"

तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावला आणि बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत सगळं दाखवलं. पुस्तकांचं कपाट पाहिलं, गॅस पाहिला, गरम पाण्याचा नळ पाहिला, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"हा डोंगा नाई," ते म्हणाले. "ही यष्टी आहे. कोनीतरी दोन्ही बाजूनं दाबली."

* * *

ते आले त्याच आठवड्यात मी बोट चिखलात रुतवली. समोरून दुसरी बोट येत होती, तिला वाट द्यायला मी कडेला घेतली आणि नाक गाळात घुसलं. इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं. पाणी काळं झालं, बोट हलली नाही. समोरच्या बोटीवरचा माणूस मदतीला थांबला. काठावरून कुत्रा फिरवणारे दोघे थांबले. प्रत्येकाचा सल्ला वेगळा.

बाबा छपरावर चढले. तिथे एक लांब लाकडी दांडा असतो. दोन वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. बाबांनी मला इंजिन बंद करायला सांगितलं. मग दांड्यानं तीन-चार ठिकाणी तळ चाचपला, आजारी माणसाचं पोट दाबून पाहावं तसा. एक जागा सापडली. तिथे दांडा रोवला आणि नुसतं अंग टाकलं. अठरा टनांची बोट आळस दिल्यासारखी बाजूला सरकली.

समोरचा माणूस म्हणाला, "यांनी हे आधी केलेलं दिसतंय."

बाबांनी विचारलं, "काय म्हनते तो?" मी सांगितलं.

बाबा दांडा पुसत म्हणाले, "त्याले सांग, दुसरं काही केलंच नाई."

* * *

आता संडासाचं सांगायला हवं, कारण बोटीवर राहणाऱ्यांची निम्मी बोलणी त्यावरच होतात. बोटीत सांडपाण्याची गटार नसते. खाली एक टाकी असते, प्रवासी बॅगेएवढी. ती भरली की काढायची आणि काठानं चालत, ठरलेल्या जागी जाऊन रिकामी करायची, धुवायची. बाबांना हे कळू नये म्हणून पहिले काही दिवस मी लपूनछपून केलं.

एकदा ड्यूटीवरून आले तर टाकी जागेवर नव्हती. थोड्या वेळानं बाबा काठावरून येताना दिसले. टाकी खांद्यावर, वर माझी ओढणी झाकलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मान हलवून नमस्कार घालत येत होते आणि लोकही ते एखादं वाद्य घेऊन चाललेत अशा आदरानं बाजूला होत होते.

मला रडूच आलं. म्हटलं, "बाबा, हे तुमी काऊन केलं? पाहुणे म्हनून आले नं तुमी?"

त्यांना माझ्या रडण्याचं कारणच कळेना. म्हणाले, "लहानपनी तुह्यं कोन काढत होतं?"

* * *

मार्गरेटची ओळखही बाबांमुळेच झाली. एका दुपारी ते फिरायला गेले ते तासभर आलेच नाहीत. कालव्याला वाट एकच, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मी दोन्ही दिशांना धावले. शेवटी आमच्यापासून पाचव्या बोटीच्या दारात बाबांच्या चपला दिसल्या. बोट आमच्या बोटीसारखीच हिरवी, तशाच लाल कडा.

आत बाबा चुलीजवळच्या खुर्चीत बसले होते, हातात कप. समोर पंचाहत्तरीच्या एक बाई बिस्किटं मांडत होत्या. "या, या," त्या मला म्हणाल्या. "हे मघाशी आले आणि बसले. मला वाटलं, मीच बोलावलं असेल."

मी बाबांच्या कानात म्हटलं, "बाबा, हा आपला डोंगा नाई."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पन तिनं चाय ठेवली होती. उठून जानं बरं दिसत नव्हतं."

* * *

मार्गरेटची बोट सहा महिने जागची हलली नव्हती. नवरा पीटर होता तोवर ती सुकाणू धरायची आणि तो लॉक उघडायचा. तो गेल्यापासून तिचं कुठे जाणंच थांबलं. कालव्याच्या ऑफिसातून पत्र आलं होतं, बोट हलवा. पुढे सात लॉक होते.

लॉक म्हणजे कालव्याची पायरी. दोन दारांच्या मध्ये बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पाण्याबरोबर बोट वर येते, मग पुढचं दार उघडायचं. मला हे शिकायला महिना लागला होता. बाबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "धानाच्या वरच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत सोडतो, तसंच तं आहे. मंधात डोंगा आला एवढंच."

मग एका मंगळवारी, मी ड्यूटीवर असताना, बाबा आणि मार्गरेट दोघंच निघाले. तिला मराठीचं अक्षर येत नाही. बाबांना इंग्रजीत 'ओके' आणि 'व्हेरी गुड' येतं. माझं वॉर्डात लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मागे पाण्याचा धबधब आवाज.

"बाबा, ठीक आहे नं?"

"पाचवं दार सुरू आहे. फोन ठेव, दोन्ही हात कामात आहे."

संध्याकाळी गेले तेव्हा बोट सातव्या लॉकच्या वर बांधलेली होती आणि दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसले होते. बाबांची एक तक्रार होती. तिसऱ्या लॉकशी समोरून एक बोट आली होती. ते लोक म्हणे, तुम्ही आधी जा. मार्गरेट म्हणे, छे छे, तुम्ही आधी. दहा मिनिटं हेच.

"आपल्या गावात अशे मान्सं असते," बाबा म्हणाले, "तं पान्याच्या पाळीवरून कोनाचं डोस्कं फुटलं नसतं. पन धानाचा रोवना बी झाला नसता."

* * *

काठावर गळ टाकून बसणारे लोक बाबांना पहिल्यांदा दिसले तेव्हा ते खूश झाले. आपली माणसं भेटली. अर्धा दिवस एका म्हाताऱ्याजवळ बसून राहिले. शेवटी एक मोठी चपटी मासोळी लागली. त्यानं ती हळुवार सोडवली, वजन केलं, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडली.

बाबा घरी आले ते सुन्न होऊन. "सोडली," म्हणाले. "हातातली सोडली." जेवतानाही तेच. मी सांगितलं की इथे असंच करतात, मनाच्या शांतीसाठी बसतात.

"त्याले शांती भेटली असन," बाबा म्हणाले. "मासोळीले कोनी विचारलं काय?"

तरी दुसऱ्या दिवशी ते परत गेले. त्या दिवशी म्हाताऱ्यानं सोडायच्या आधी मासोळी बाबांच्या हातात दिली. बाबांनी डोळे मिटून ती तोलली आणि बोटांनी वजन दाखवलं. काट्यावर अगदी तेवढंच भरलं. त्या आठवड्यापासून कालव्यावरचे गळवाले मासोळी लागली की वजनकाटा काढत नसत, बाबांना हाक मारत. बाबा तोलत, वजन सांगत आणि मग स्वतःच वाकून तिला पाण्यात सोडत.

एकदा मी मागून हे पाहत होते. सोडल्यावर बाबा पाण्याकडे पाहून म्हणाले, "जा माय. तुह्यं नशीब इंग्लंडचं."

* * *

ऑक्टोबरात थंडी पडली. बाबा माकडटोपी, दोन स्वेटर आणि माझी गुलाबी शाल, अशा अवतारात चुलीसमोर असत. कोळसा बोटीतूनच विकायला येतो. विकणारा कॉलिन, हातापायानं काळाकुट्ट, मनानं मोकळा. बाबांना पाहून त्यानं विचारलं, "यांच्या गावी किती थंडी असते?"

मी बाबांना सांगितलं. बाबांनी एक ढेकूळ उचललं, उलटसुलट करून पाहिलं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला कोळसा काय दाखवणार.

"त्याले सांग, मे महिन्यात आमच्या इथी ये म्हनाव. तुहा कोळसा उन्हात ठेवून देऊ. माचिस लागत नाई."

* * *

बाबा परत निघायच्या चार दिवस आधी मार्गरेट सकाळीच आली. हातात फिकट निळा डबा. मला म्हणाली, "हा पीटर आहे. वर्ष होत आलं, पलंगाखालीच आहे. पुढे मोठ्या ओकच्या झाडाशी कालवा रुंद होतो ना, तिथे आम्ही पहिल्यांदा बोट बांधली होती. त्याला तिथेच सोडायचं आहे. एकटीनं जमत नाही. तुझे बाबा येतील का?"

मी बाबांना सांगायला वळले, पण बाबा डब्याकडे पाहूनच उठले होते. माझ्या आईची राख त्यांनी स्वतः डोंग्यातून वैनगंगेत नेली होती. त्यांनी माकडटोपी काढली, हातपाय धुतले आणि स्वच्छ पांढरा शर्ट घातला.

मी काठानं चालत गेले. ते दोघं तिच्या बोटीवर होते. ओकच्या अलीकडे बाबांनी तिला इंजिन बंद करायची खूण केली, दांडा घेतला आणि बोट आवाज न करता मधोमध नेऊन थांबवली. पाण्यावर पिवळी पानं होती. मार्गरेटनं झाकण उघडलं आणि परत लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग ती तशीच बसून राहिली, डबा मांडीवर घेऊन.

बाबा तिच्या शेजारी बसले. ती काहीतरी बोलली, थोडंसंच. मग बाबा बोलू लागले. माझे बाबा, जे फोनवर दोन वाक्यांत जेवणखाण, हवापाणी, सगळं संपवतात, ते सलग बोलत होते, हात न हलवता, पाण्याकडे पाहत. वाऱ्यामुळे मला शब्द ऐकू येत नव्हते. मार्गरेट ऐकत होती. मध्ये तिनं काही विचारलं, बाबांनी मान हलवली आणि पुढे बोलले. मग ती बोलली, बराच वेळ, आणि बाबांनी ऐकलं. एकदा दोघंही हसले.

नंतर तिनं डबा उघडला आणि पाण्यावर वाकली. बाबांनी तिचा खांदा धरून ठेवला होता. शेवटी त्यांनी ओंजळीनं डब्यात पाणी घेतलं, विसळलं आणि तेही हळूच सोडलं.

परतताना काठावरून आम्ही बापलेक दोघंच चालत होतो.  शेवटी मी विचारलंच, "बाबा, तुमी तिच्याशी काय बोलत होते?"

"तिनं विचारलं ते सांगतलं."

"काय विचारलं तिनं?"

बाबा चार पावलं चालले.

"तुले नाई समजनार ते, माय," ते म्हणाले. "तुले दोन्ही भाषा येते."