सीलबंद टाच

वीज कंपनीत मीटर तपासून तपासून निवृत्त झालेल्या या माणसाला आमची अख्खी वस्ती मीटरसाहेब म्हणते. त्यातलं 'साहेब' प्रेमापोटी नाही. सील तुटलेलं मीटर दिसलं की हा सख्ख्या मेव्हण्याचीही वीज कापायचा, आणि मग त्याच्याच अंधाऱ्या घरात बसून चहा मागायचा. मी त्याच्याशी भर चौकात भांडलोय. लाच त्यानं कधी घेतली नाही, याचा तर मला जास्तच राग यायचा. लाचखोराशी भांडणं सोपं असतं.

निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. मग साखरेच्या दुखण्यानं टाचेला जखम झाली. पाय बधिर, म्हणून दुखायची नाही. पण भरायचीही नाही. दवाखान्यात न्यायला अर्थातच शेजारचा मी.

डॉक्टरीणबाईंनी जखमेत एक जेल भरलं. मला कळलं नाही की मी तोंडावर विचारतो. त्यांनी समजावलं ते असं: पेशींना 'वाढा' म्हणून सांगणारी प्रथिनं असतात. ती जखमेवर नुसती ओतली तर टिकत नाहीत, वाहून जातात. हे जेल म्हणजे पाणी पिऊन फुगलेली जाळी. प्रथिनं तिच्यात अडकून राहतात आणि थोडीथोडी सुटतात. अट एकच, बाई सांगेपर्यंत पट्टी उघडायची नाही. जखम भरली नाही तर पाऊल काढावं लागेल.

मीटरसाहेबानं घरी येऊन पट्टी उघडली.

"चालू आहे का बंद, बघायला नको?"

जेल पुन्हा भरलं. यानं पुन्हा उघडली. अर्धं जेल बोटाला चिकटून बाहेर आलं. मी त्याला नाही नाही ते बोललो. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा जेल भरलं. म्हणाल्या, आता पट्टी उघडलीत तर ही शेवटची खेप.

त्या दिवशी त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, माळ्यावरून एक डबा काढला. प्लॅस्टिकची सीलं आल्यावर कंपनीनं भंगारात काढलेली नवऱ्याची मीटरला सील ठोकायची पक्कड, तार आणि शिशाच्या गोळ्या त्यात होत्या. त्यांनी पट्टीच्या वरच्या वेढ्यांतून तार ओवली, गोळी अडकवली आणि पक्कड दाबली.

"तोडा आता," त्या म्हणाल्या. "तोडलंत तर चोरी."

त्यानं बराच वेळ गोळीकडे पाहिलं.

"तार सैल आहे," तो म्हणाला.

वहिनींनी ती कापली आणि नवी तार, नवी गोळी घेऊन पुन्हा बांधली.

तेव्हापासून हा माणूस स्वतःच्याच टाचेवर पहारा देऊ लागला. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून सील तपासायचा, पट्टीला हात नाही. नातीला तर खाटेजवळही फिरकू देईना.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कात्री उचलली, तसा त्यानं पाय मागे घेतला.

"थांबा. सील शाबूत आहे, हे आधी कुणीतरी बघा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो, बघितलं, शाबूत म्हणालो. मग कात्री चालली.

आत कडेनं कोवळी गुलाबी कातडी धरली होती. मधे बोटाच्या पेराएवढीच जखम उरली होती. पाऊल राहतंय, बाई म्हणाल्या, पण अजून एकदा जेल भरावं लागेल.

त्यांनी जेल भरलं, पट्टी बांधली. वहिनींनी पिशवीतून पक्कड काढली.

"घट्ट ओढ," मीटरसाहेब म्हणाला.