डावीकडची आक्का

भूम-वाशी रस्त्यावर बलभीमची यष्टी थांबवायला हात करावा लागत नसे. माणूस नुसता कडेला उभा दिसला तरी पुरे. थांबा असो नसो, बलभीमचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. बाजाराच्या दिवशी तर गाडी अशी रखडत यायची की कंडक्टर माणिकप्पा कावून म्हणायचा, "बलभीम, ही यष्टी हाय का तुझ्या आज्याची बैलगाडी?" त्यावर बलभीम पुढं बघत एवढंच म्हणे, "उनात उभं हाय बिचारं."

अशा माणसावर एके वर्षी माज आल्याचा आरोप व्हावा, यासारखा अन्याय नाही. पण झाला खरा. उन्हाळ्यापासून कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, हात करकरून थकलो, गडी सरळ निघून गेला. कुणी म्हणालं, सरकारी पगार अंगाला लागला. आपल्याकडं माणसाला माज आला म्हणायला फार पुरावा लागत नाही. पायात बूट दिसले की भागतं. हे बलभीमच्या कानावर यायचं आणि तो मनापासून चिडायचा. कोण कधी उभं होतं आणि मी थांबलो नाही, सांगा! त्याच्या लेखी रस्त्यावर कुणी नव्हतंच.

आणि नजरेबद्दल तर शंका घ्यायची सोय नव्हती. घारीची नजर म्हणून तो प्रसिद्ध होता. लांबच्या टेकाडावर चरणारी मेंढरं कुणाची, हे तो गाडी चालवता चालवता सांगायचा. बाप धनगर, आजा धनगर. बलभीमच काय तो घोंगडी सोडून खाकीत शिरला. निजामाच्या अमदानीत मोटारी धुवायला लागला, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. पुढं राज्य बदललं, मराठवाडा मुंबईला जोडला गेला, गाड्यांचे रंग आणि मालक बदलले. रस्त्यातले खड्डे तेवढे जुनेच राहिले, आणि ते सगळे बलभीमला तोंडपाठ होते.

त्याची थोरली बहीण सिताबाई. तो तिला आक्का म्हणायचा. आई लवकर गेली, तेव्हा मेंढरांमागं फिरताना आक्कानंच त्याला पाठीवर घेऊन वाढवलं. तिचं सासर वाशीजवळ, रस्त्यापासून आत एका वस्तीवर होतं. नागपंचमीला भावानं मुऱ्हाळी होऊन यावं आणि बहिणीला माहेरी न्यावं, ही रीत. इतरांचे भाऊ बैलगाडी जुंपून यायचे. आक्काचा भाऊ यष्टी घेऊन यायचा. वाशीहून भूमकडं परतताना फाट्यावर डाव्या हाताला एक कडुलिंब लागतो. त्याच्या बुंध्याशी आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन उभी असायची. बलभीम स्वतः खाली उतरायचा, गाठोडं उचलायचा आणि तिला आपल्या पाठीमागच्या सीटवर बसवायचा. केस पिकले तरी तिचा हा मान चुकला नव्हता. जावा-नणंदा हा थाट बघायला फाट्यापर्यंत यायच्या, आणि आक्काही त्यांना येऊ द्यायची. बाईमाणसानं मिरवावं असं तिच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं.

त्या पंचमीला गाडी माहेरवाशिणींनी खचाखच भरली होती. आत गाण्यांचा एकच गलका. माणिकप्पा बायका आणि गाठोड्यांच्या मधे कुठंतरी अडकलेला. फाटा आला तशी बलभीमनं गाडी हळू केली, भोंगा वाजवला, कडुलिंबाच्या बुंध्याकडं बघितलं. बुंध्याशी कुणी नव्हतं. तो क्षणभर घुटमळला, आणखी एकदा भोंगा वाजवला आणि मग गियर टाकला. आक्का आली नाही. निरोपसुद्धा धाडला नाही.

त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं म्हणून आक्का रुसली. मग त्यालाही राग आला. दिवाळी आली, भाऊबीज आली. आक्कानं बोलावलं नाही आणि हा गेला नाही. दोघंही एकाच आईची लेकरं, हट्टात कुणी कमी नव्हतं.

गाठ पडली ती माहेरच्या गावी, बिरोबाच्या जत्रेत. देवळाच्या पायरीवर बलभीम दिसताच आक्कानं तोंड फिरवलं. त्यांचे चुलते गुंडाप्पा पुजारी होते. त्यांनी दोघांना हाताला धरून देवळामागं नेलं आणि म्हणाले, "काय असंल ते हितं बोला. देवाच्या दारात असं तोंड लपवायचं न्हाय."

आक्का इतके महिने जे गिळून बसली होती ते भडाभडा बाहेर आलं. "काका, समद्या जावा माझ्यासंगट उभ्या होत्या. ह्यानं माझ्याम्होरं गाडी हळू केली, भोंगा वाजवला आन् निघून गेला. म्या हाका मारल्या, हात केला. ह्यानं मान बी वळवली न्हाय. लोकं म्हणत्यात त्ये खरं हाय, माज आलाय ह्याला!"

"आक्का, तू नव्हतीस तिथं," बलभीम म्हणाला. "म्या दोनदा भोंगा वाजवला. झाडाखाली कुणी नव्हतं."

"बुंध्यापाशी चिखूल होता म्हणून अलीकडं, सडकंला लागून उभी होते. हात लांब केला असता तर गाडीला लागला असता!"

"नव्हतीस!"

"होते!"

गुंडाप्पांनी भांडण सोडवलं नाही. त्यांनी देवाम्होरची ताटली आणून दोघांच्या मधे ठेवली. ताटलीत बेल आणि भंडारा. आमच्याकडं बेल-भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. कोर्टात बोलेल, घरात बोलेल, तिथं नाही. आक्कानं झटक्यात चिमूट उचलली. "म्या उभी होते." बलभीमनंही उचलली. "मला दिसली न्हाय."

दोघांच्या बोटांना हळद लागलेली, आणि दोघांपैकी एकानंही शब्द मागं घेतला नव्हता. कुणाला खोटं म्हणावं, हे काही गुंडाप्पांना सुचेना. सुचलं ते आक्काला. तिचा चेहरा एकदम उतरला. ती भावासमोर येऊन उभी राहिली आणि हळू म्हणाली, "माझ्याकडं बघू नगं. त्या समोरच्या दीपमाळंकडं बघ. डोळा हलवायचा न्हाय. मी दिसते?"

"व्हय."

ती त्याच्या डाव्या अंगाला थोडी सरकली. "आता?"

"व्हय."

आणखी सरकली. बलभीम दीपमाळेकडं बघत थांबला. बराच वेळ कुणी काही विचारलं नाही, म्हणून तोच म्हणाला, "कुठं गेलीस?"

"हितंच हाय की रं," आक्का म्हणाली. ती हात लांब केला तर लागेल इतकी जवळ उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लहानपणी पावसात मेंढरं राखताना आक्का त्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ घालायची. खोळीतून समोरचं तेवढं दिसतं. बाजूला कोकरू येऊन उभं राहिलं तरी पत्ता लागत नाही. बलभीमला ते आठवलं. ही खोळ कधी डोक्यावर आली, त्याला कळलंच नव्हतं. पोरपणी ती उतरवता यायची.

"एक पाऊल म्होरं असते तर रं?" आक्कानं विचारलं. तिच्या बोलण्यात आता राग नव्हता, आणि म्हणूनच बलभीमला ते सोसवलं नाही.

माणिकप्पाला त्यानं सगळं सांगितलं. माणिकप्पा जिवाला जीव देणारा गडी. त्यानं छातीवर हात ठेवला. "त्यात काय? समोरचं तू बघ, डावीकडचं मी बघतो. दारात उभा ऱ्हातो. पुढल्या महिन्यात डोळ्याची तपासणी हाय, तिथं तर अक्षरंच वाचायचीत. ती तू झोपंत वाचशील. कुणाला कळंल?"

मोह मोठा होता. गाडी सोडून बलभीमला येत तरी काय होतं? मेंढरं केव्हाच विकली होती. खाकी उतरवली की उरणारा माणूस कोण, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं हो म्हटलं. माणिकप्पा दारात उभा राहून ओरडू लागला: "डावीकडं म्हातारी!" "डावीकडं बैलगाडी!" "हात केलाय, थांब!" गाडी पुन्हा जागोजाग थांबू लागली. लोक म्हणाले, बलभीमचा माज उतरला बरं का. नशिबाची चेष्टाच होती सगळी.

पण माणिकप्पाची प्रत्येक आरोळी बलभीमच्या पाठीतून थंडगार निघून जायची. इतकी माणसं असतात आपल्या डावीकडं? म्हातारी, बैलगाडी, शाळेतून येणारी पोरं, मोळी घेतलेल्या बाया. सगळा मुलूख तिकडं उभा होता आणि तो इतके दिवस मोकळा रस्ता समजून गाडी हाकत होता. माणिकप्पा तिकिटं फाडायला मागं गेला की डावीकडं शांत व्हायचं. पूर्वी ही शांतता त्याला गोड वाटायची. आता तिथं कोण असेल या विचारानं तो गाडी हळू करायचा.

तपासणी धाराशिवला होती. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण बोलायला चांगले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बलभीमनं एक डोळा झाकून वाचलं, दुसरा झाकून वाचलं. अगदी खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा.

"वा!" डॉक्टर हसले. "तुमचे डोळे तर माझ्यापेक्षा चांगले आहेत. झालं, या तुम्ही."

बाहेर व्हरांड्यात माणिकप्पा उभा होता. दारातून त्याचा चेहरा दिसत होता, खूश झालेला. दारापर्यंत जाऊन बलभीम थांबला. एवढं अंतर चालून बाहेर पडलं असतं तर सगळं होतं तसं राहिलं असतं. त्याला बाहेर जायचं होतं, फार जायचं होतं. तो मागं वळला.

"साहेब, समोरचं समदं दिसतं मला. पर माझी सख्खी बहीण डावीकडं उभी होती. ती मला दिसली न्हाय."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, आपल्या नाकाकडं बघायला सांगितलं आणि बाजूनं बोट हलवत आत आणलं. पार पुढं येईस्तोवर बलभीमला ते दिसलं नाही. मग पापण्या मिटवून त्यांनी बोटांनी डोळे चाचपले. डावा दगडासारखा घट्ट लागला. बॅटरी लावून, भिंग धरून त्यांनी बराच वेळ आत बघितलं.

"हा काचबिंदू," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढता येतो. यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, त्यासाठी औषध देतो. हा चोर कडेनं आत येतो, मधली नजर शेवटी खातो. म्हणून तुम्ही तक्ता वाचलात." थोडं थांबून ते म्हणाले, "गाडी मात्र आता चालवता येणार नाही."

"व्हय जी," बलभीम म्हणाला. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. बाहेर आल्यावर माणिकप्पाला काही सांगावं लागलं नाही. त्यानं बलभीमला बाकावर बसवलं आणि चहा मागवला.

पुष्कळ खेटे घातल्यावर बलभीमला डेपोत गाड्या धुवायचं काम मिळालं. जिथून सुरुवात केली तिथंच परत आलो, असं तो हसत म्हणायचा. ते हसणं काही खरं नव्हतं. पण सकाळी पहिली गाडी निघताना तो तिच्या डाव्या बाजूचा आरसा अंगातल्या सदऱ्यानं पुसायचा, आणि नव्या ड्रायव्हरला रोज तेच सांगायचा, "डावीकडं लई माणसं असत्यात, बाबा."

पुढच्या पंचमीला तो मुऱ्हाळी म्हणून निघाला, साधा उतारू होऊन. माणिकप्पानं त्याला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं, आक्काच्या जागेवर. वाशीहून परतताना फाटा जवळ आला आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. गाडीतली माणसं पुढं आदळली.

"ओ बाई, मरायचं हाय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

सडकेच्या बरोबर मधोमध, गाठोडं कडेवर घेऊन आक्का उभी होती. तिच्या जावा कडेला कडुलिंबाखाली तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"वरडू नगं," आक्का म्हणाली. "माझा भाऊ हाय गाडीत. हितं उभी ऱ्हायले की मी त्याला दिसते."

बलभीमनं तिला केव्हाच बघितलं होतं. तो उतरला आणि त्यानं तिचं गाठोडं घेतलं.