जुलेखाच्या नावाची देग

आमच्या हुसेनबीनं देगीचं झाकण काढल्याबिगर पेठेतलं एक लगीन पार पडायचं न्हाय. देग म्हंजे अख्खं बकरं मावंल एवढं तांब्याचं भांडं. नवरा दस्तगीर भटारी, लग्नाकार्यात जेवण करून द्यायचा धंदा त्येचा. तो वारला आणि तिनं झारा उचलला. लोक बोलली, बाईमाणसाला देगीवर शोभतंय का. ती म्हणली, "जेवताय की न्हाय तेवढं सांगा." जेवत हुती सगळीच. मग गप बसली.

तिला एकच लेक, जुलेखा. गगनबावड्याचा घाट उतरून खाली कोकणात दिल्ती. जावई बोटीवर लागला, बोटीवरनं आफ्रिकेत उतरला, तिथं एका दुकानात राहिला आणि दोन वर्षांनी जुलेखालाबी बलावून घेतली. पुढं महाराजांना गादीवर बसून एकोणीस वर्षं झाली. त्या थंडीत तिचा कागद आला. हुसेनबीला कुठलं वाचाय येतंय! गल्लीच्या तोंडाला गणपतराव मास्तर राहायचं, सगळ्यांची पत्रं तेच वाचायचं. मास्तरनी वाचून दाखवलं. तिथल्या सरकारनं आपल्या माणसांवर डोईपट्टी बसवल्ती. माणसं कामं टाकून रस्त्यानं चालत निघाली, त्यात जावईबी गेला आणि तुरुंगात पडला. दुकानवाल्यानं खोली काढून घेतली. जुलेखा दोन लेकरं घेऊन पत्र्याच्या छपराखाली, तिच्यासारख्या आणि किती बायका तिथं. एकवेळ पेज मिळती म्हणं.

मास्तर म्हणालं, "हुसेनबी, वर्तमानपत्रात आलंय. त्या बायकांसाठी हिकडं गावोगाव पैसं गोळा करत्यात. पुण्याला धाडायचं, तिथनं पुढं जातंय."

"मग आपुन कशाला बसलोय? मी देग चढवती. जेवायचं आणि जाताना दारातल्या चादरीवर हात सैल सोडायचा."

एवढं सोपं काम. पर गड्यांनी हातात घेतलं आणि तीन जुम्मे, म्हंजे तीन आठवडं, त्येच्यातच गेलं. पयल्या पंगतीला कोण, चादरीजवळ कोण बसणार, पुण्याला कागद कुणाच्या नावानं जाणार. हुसेनबी दाराआड उभी राहून ऐकायची आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"लेकरं तिकडं पेजंवर हायत आणि तुम्ही हितं पाट मांडताय व्हय रं!"

"भाबी, जरा हळू की. बाहीर ऐकू जातंय."

"हळू बोलून तीन जुम्मे गेलं, मीरासाब!"

मीरासाब तिचा धाकटा दीर. देग ढवळाय ताकद त्येची, बाकी बोलाय तोंड न्हाय.

शेवटी चौथ्या जुम्म्याला देग चढली. खाटकानं दोन बकरी दिली, वाण्यानं तांदूळ दिलं, मसाला हुसेनबीनं रात्रीच वाटून ठेवल्ता. दुपारपतोर सगळ्या पेठेत वास सुटला. दारात पांढरी चादर हातरली. हुसेनबी चादरीकडं बघायची आन् देगीकडं यायची, परत चादरीकडं. तिच्या डोळ्यापुढं ती भरलेलीच हुती.

आणि तिथंच तिच्या हातनं चूक झाली. चाळीस वर्षांची सवय बघा. देग उतरली की झाकण काढायच्या आधी निखारा घ्यायचा, त्येच्यावर ऊद टाकायचा आणि देगीम्होरं ठेवायचा. तिनं ठेवला. ठेवला आणि आत बायकांची पंगत बसवाय गेली.

उदाचा धूर दिसल्यावर गैबी मुल्ला कशाला गप बसतोय! म्हाताऱ्याचा सगळा जल्म ऊद दिसला की फातिहाची दुआ पढण्यात गेलेला. डोक्यावर रुमाल टाकून आला आणि मीरासाबला विचारलं, "कुणाच्या नावानं?"

मीरासाब घामानं डबडबलेला. म्हणला, "आपल्या जुलेखासाठी की."

झालं. ऊद ठेवून नाव घ्यायचं ते मेलेल्याचंच. म्हाताऱ्यानं मयताची फातिहा पढली. जुलेखाचं नाव घेऊन, मोठ्या आवाजात, समद्या पंगतीनं हात वर केलेलं. सकाळीच वाईट कागद आला असंल, असं ज्येला त्येला वाटलं.

आत हुसेनबी भात वाढत हुती. तवर शहाजादी बाहीरनं आली आणि तिच्या गळ्यातच पडली. "कवा गं गेली जुलेखा? शेजारणीला सांगितलंबी न्हाईस!"

हुसेनबीच्या हातातलं ताट खाली पडलं. "कोण सांगितलं? कागद आलाय? मास्तर कुठं हाय?"

"कागद कशाला? फातिहा झाली की बाहीर!"

ती तशीच अंगणात आली. गडी जेवून उठलं हुतं. नियाजचं जेवण, मयताच्या नावाचं, त्येला कोण पैसं देतंय? आणि देणारानं दिलं तर घेणाराला पाप. जो तो चादरीला वळसा घालून येत हुता आणि तिच्याम्होरं मान खाली घालून म्हणत हुता, "अल्लाची मर्जी, हुसेनबी." कोण कोण तर घरच्यांसाठी डबा भरून निघालेलं. चादरीवर फातिहाच्या आधीच येऊन गेलेल्या मास्तरचा एक रुपाया, बाकी पांढरीफेक.

"माझी लेक जित्ती हाय!" ती वरडली. "जित्ती हाय रं! पैसं टाका!"

माणसं एकमेकाकडं बघाय लागली. दुःखानं बाई बहकली, असंच वाटलं सगळ्यांना. मग ती गैबीवर गेली.

"म्हाताऱ्या, जित्त्या पोरीची फातिहा पढतोस? जीभ कशी झडली न्हाय तुझी?"

"मला काय कळतंय? ऊद कुणी ठेवला देगीम्होरं?" म्हातारा म्हणला. "मी ठेवला का तू?"

हुसेनबीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या निखाऱ्यावर उपडा केला.

दुसऱ्या दिशी तर कहरच झाला. आमच्यात मयताच्या घरी तीन दिस चूल पेटत न्हाय, शेजारपाजारचीच जेवण आणून देत्यात. सकाळधरनं टोपल्या यायला लागल्या. शहाजादीनं खिचडी आणली, तिघी-चौघी आणखी काय काय घेऊन आल्या. पलीकडची धोंडुबाईसुद्धा पिठलं-भाकरी घेऊन दारात.

"धोंडुबाई, तू तरी ऐक. जुलेखा मेली न्हाय."

"व्हय गं बाई, माणूस आपल्या मनातनं जातंय व्हय कधी. खा दोन घास."

"अगं खरंच मेली न्हाय!"

"बरं न्हाय मेली. भाकरी तर खा."

हुसेनबी त्या भाकरीकडं बघत राहिली. एका एकाला सांगत बसलं तर लेकीची लेकरं म्हातारी हुतील. काल पोटभर खाल्लेल्यांनी आज तिच्या दारात अन्नाचा ढीग लावलाय आणि आफ्रिकेला धाडाय दमडी न्हाय. ती उठली.

"मीरासाब, देग काढ."

"भाबी, आज? चूल पेटवायची न्हाय आज. लोक काय म्हणतील?"

"तेच बघायचंय मला, काय म्हणत्यात ते."

टोपल्यांतलं अन्न, उरलेलं तांदूळ, धोंडुबाईच्या परड्यातली वांगी, सगळं देगीत पडलं. आत न्हाय, मधल्या अंगणात न्हाय, भर रस्त्यावर दाराम्होरं चूल मांडली आणि ओली लाकडं घातली, धूर पार वेशीपतोर दिसावा म्हणून. धूर दिसला तसं माणूस जमा झालं. मयताच्या घरी दुसऱ्या दिशी धूर! शहाजादी तोंडाला पदर लावून उभी.

"बघा," हुसेनबी म्हणली, "चूल पेटलीया. आता सांगा, ह्या घरात कोण मेलंय?"

गैबी मुल्ला काठी टेकत आला. देगीम्होरं निखारा हाय का ते वाकून बघितलं त्येनं. न्हवता. मग कनवटीची चवली काढून पयली त्येनं चादरीवर टाकली.

"वाढ," म्हणला. "आणि आज मी त्वांड उघडणार न्हाय, खायापुरतंच उघडीन."

त्या दिशी आधी चादर, मग झारा. धोंडुबाईनं आपलीच वांगी पैसं टाकून इकत घेतली आणि मीठ कमी हाय म्हणून वर भांडली. मास्तरनी पैसं पुण्याला धाडलं.

पोचलं का न्हाय, कोण सांगणार. जुलेखाचा कागद परत आला न्हाय. दर जुम्म्याला हुसेनबी मास्तरच्या पायरीवर बसायची, मास्तर मान हलवायचं, ती चिडून घरला यायची आणि चुलीत लाकडं आदळायची. कुणी चुकून म्हणलंच, एकदा फातिहा करून टाकू गं, मन हलकं हुईल, की झारा घेऊन अंगावर जायची. त्या देगीम्होरं तिनं परत ऊद ठेवला न्हाय.

हुसेनबी वारली तवा तीन दिस तिची चूल बंद हुती. चौथ्या दिशी फातिहाला घरातल्या सगळ्या मयतांची नावं घ्यायची हुती. मीरासाबनं दस्तगीरचं घेतलं, आईबापाचं घेतलं, हुसेनबीचं घेतलं. मुल्लानं विचारलं, "आणि?"

मीरासाब चुलीकडं बघत बसला. म्हणला, "एवढीच."