सरला चुरी नकाशा फिरवते

सरला चुरी डहाणू रोड स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर जगाला वाट सांगणारी ही बाई स्वतः घराबाहेर पडली की हमखास हरवायची. डावं-उजवं तिचं लहानपणापासून कच्चं. आपण जेवतो तो हात कुठला, हे आठवल्याशिवाय तिला उजवीकडे वळता यायचं नाही, आणि आठवेपर्यंत वळण मागे पडलेलं असायचं.

एकदा ती गुजरातच्या सीमेवरच्या झाईला भाचीच्या लग्नाला गेली. रिक्षातून उतरली, वाजंत्री ऐकू आली, त्या दिशेला चालू लागली. पोटभर जेवली, लापशी दोनदा मागून घेतली आणि आहेराचा कुकर घेऊन स्टेजवर चढली. नवरीने मान वर केली तेव्हा सरलाला कळलं, ही आपली भाची नव्हे. मांडव निघाला गुजरातच्या हद्दीतला. दिलेला कुकर परत कसा मागणार? नवरा-नवरीबरोबर फोटो काढून ती गुपचूप खाली उतरली. तिचा नवरा ललित हा किस्सा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, आणि सरला चहा गाळता गाळता म्हणायची, "काही म्हणा, लापशी फार छान होती."

तिच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी. मुक्ता राऊत हायस्कुलात भूगोल शिकवायची, आणि निर्मला कैनाड गावची आशा सेविका. तिघींची ओळख तलासरीकडच्या एका मतदान केंद्रावर, निवडणुकीच्या ड्युटीवर झाली. त्यांना परत न्यायला गाडी येईचना. वाट बघता बघता तिघींनी डबे संपवले, निर्मलाच्या पिशवीतले चिकू संपवले, सासवांबद्दल बोलायचं तेही संपवलं. तेव्हापासून दर थंडीत कुठेतरी दोन दिवस जायचं ठरायचं, आणि दर थंडीत कुणाच्या तरी नणंदेचं काहीतरी निघायचं.

यंदा मुक्ताने कुणाला बोलायलाच दिलं नाही. "जानेवारीत तलासरीच्या डोंगरात ओरिएंटिअरिंग आहे. बायकांचा वेगळा गट आहे. मी तिघींची नावं दिली."

सरला खूश झाली. ओरिएंटेशन म्हणजे ट्रेनिंग, पंख्याखालचा हॉल आणि दुपारचं जेवण, असा तिचा समज. ऑफिसात तिने तसं सांगूनही टाकलं. आठवड्याने मुक्ताने समजावलं, की हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लपवलेली केशरी-पांढरी निशाणं शोधत पळायचं असतं. सरला मटकन खुर्चीत बसली.

"अगं, मला घरातली कात्री सापडत नाही!"

"म्हणून तर घेतलंय तुला," मुक्ता म्हणाली. "हरवलो तर अनुभवी माणूस बरोबर पाहिजे."

ललितला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "जाताना कुकर घेऊन जा," तो म्हणाला. "वाटेत कुणाचं लग्न लागलं तर?"

"नेईन. आणि तुम्ही दोन दिवस पातेल्यात भात लावा," सरला म्हणाली. तिला भीती वाटत होती खरी, पण त्या भीतीला एक गोड चवही होती. शाळेच्या सहलीच्या आदल्या रात्री वाटायचं तसंच वाटत होतं, आणि ते इतक्या वर्षांनी वाटत होतं.

तयारी सुरू झाली. रस्त्याकडेच्या स्वेटरवाल्याकडून सरलाने मोरपंखी स्वेटर घेतला, वर कानटोपी घेतली. पण डिसेंबर सरत आला तरी थंडीचा पत्ता नव्हता. पंखा चालू, अंगाला घाम, आणि कपाटात नवा स्वेटर. रोज सकाळी ती गॅलरीत उभी राहून तोंडातून वाफ येते का बघायची. खिडकीवर उत्तरेकडून आलेला प्रवासी दिसला की गाडीचं राहू दे, आधी ती विचारायची, "तिकडे थंडी कितपत आहे हो? इकडे निघालीय का?"

रविवारी समुद्रावर सुरूच्या बनात सराव. पहिल्या दिवशी होकायंत्राचा काटा सरलाच्या हातात आला की वेडा व्हायचा. ती जिकडे वळेल तिकडे उत्तर.

"ताई, ते तुमच्याकडेच बघतंय," निर्मला म्हणाली. "तुमच्या प्रेमात पडलंय."

मुक्ताने ते तीनदा झटकून बघितलं. शेवटी तिला दिसलं, सरलाच्या गळ्यात मोबाईलचा बटवा होता आणि त्याच्या झाकणाला लोहचुंबक. बटवा काढला तेव्हा काटा शुद्धीवर आला.

पण काट्याने सरलाचं डावं-उजवं थोडंच सुधारणार होतं? समुद्राकडे चालायचं असताना ती दोनदा वडापावच्या गाडीकडे निघाली. तिसऱ्यांदा मुक्ता तिच्या मागे उभी राहिली आणि तिच्या हातातला नकाशा सरळ आडवा केला.

"अगं, अक्षरं आडवी झाली!"

"होऊ देत. अक्षरं वाचायची नाहीत, जमीन वाचायची आहे. तू जिकडे तोंड करशील तिकडे नकाशा फिरव. समोर समुद्र, तर कागदावरही समुद्र समोर."

सरला बघतच राहिली. कागदावर उजव्या बाजूला विहीर होती, आणि मान वळवली तर तिच्या खऱ्या उजव्या बाजूला, झाडांआड, विहीर होती. जेवायचा हात आठवावा लागला नाही.

"असं चालतं?" तिने हळूच विचारलं. "शाळेत नकाशा आडवा धरला म्हणून गुरुजींनी छडी मारली होती मला."

"त्यांना पळायचं नव्हतं ना," मुक्ता म्हणाली.

त्या दिवसापासून सरलाने काही फिरवायचं सोडलं नाही. बाजारात जाताना मोबाईलमधला नकाशा फिरव, लग्नपत्रिकेमागचा नकाशा फिरव. ललितला वाटलं, बायकोच्या मनगटात वात आला.

शर्यतीच्या आठवड्यात थंडी पडली. अशी पडली की ताडाखाली नीरा प्यायला आलेली माणसंही हात चोळत उभी. सरलाने स्वेटर घातला, कानटोपी चढवली आणि खिडकीत जाऊन बसली. आता फक्त शनिवार यायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी मुक्ता दारात आली. तिने तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्याच्या पोरांवर ओरडून ओरडून बाईंचा आवाज पार बसला होता.

"मग आम्हाला वाट कोण सांगणार?" सरलाने विचारलं.

मुक्ताने नकाशाची पिशवी तिच्या हातात दिली आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला.

शनिवारी सकाळी डोंगरात धुकं होतं. सरलाने बघितलं, तोंडातून वाफ येत होती. तिने उगाचच दोन-तीनदा मोठ्याने श्वास सोडला. मग आयोजक प्रविणने शिट्टी वाजवली आणि तिघी निघाल्या. पुढे नकाशा फिरवत सरला, मधे निर्मला, आणि मागून हातवारे करणारी मुक्ता. पहिलं निशाण सागाची झाडी ओलांडल्यावर मिळालं. दुसरं ओढ्याच्या काठी. सरलाचे पाय जमिनीला लागेनात.

तिसऱ्यापाशी एक पाडा लागला आणि निर्मलाने घात केला. "थांबा, इथं माझी शुक्रीआत्या राहते." आत्याने चुलीपाशी बसवलं, कोरा चहा दिला, भाजलेले कंद दिले. उठताना शेजारच्या घरातून चुलत बहिणीने हाक मारली, मग तिथेही बसावं लागलं. मुक्ता घड्याळ दाखवून नाचत होती, पण आवाजच नसल्यामुळे सगळ्यांना वाटलं, शहरच्या बाईंना थंडी वाजतेय. त्यांना आणखी एक कप मिळाला.

मग पळताना सरला चुकलीसुद्धा. एका फाट्यावर घाईत नकाशा फिरवायचा राहिला, आणि तिघी टेकडीच्या भलत्याच बाजूला उतरल्या. मुक्ता मागून टाळ्या वाजवत होती. सरलाला वाटलं, कौतुक चाललंय. थांबून, धापा टाकत तिने कागद वळवला, डोंगराची धार बघितली, ओढा कुठे वळतो ते बघितलं. "परत वर," ती म्हणाली. "मग त्या मोहाच्या दोन झाडांमधून." आणि दोन मोहांच्या मधे निशाण वाऱ्यावर डुलत होतं. निर्मलाने तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघी गवतात पडल्या.

त्या पोचल्या तेव्हा प्रविण दोऱ्या गुंडाळत होता. "सगळी निशाणं झाली?" त्याने आश्चर्याने विचारलं. झाली होती. नंबर खालून दुसरा. शेवटचा गट ओढ्यात मासे बघत बसला होता म्हणे. मुक्ताने घसा फाडून काहीतरी ओरडायचा प्रयत्न केला, आणि पहिल्यांदाच चिमणीसारखा एक आवाज निघाला. त्यावर तिघी इतक्या हसल्या की बाकीचे गट येऊन विचारू लागले, तुमचा पहिला नंबर आला का?

सोमवारी सरला खिडकीत बसली, कानटोपी तशीच डोक्यावर. शेजारच्या टेबलावरच्या शैलेशने विचारलं, "काय मॅडम, कितवा नंबर?"

"खालून दुसरा!" ती इतक्या अभिमानाने म्हणाली की त्याने अभिनंदनच केलं. मग तिने धुक्यापासून सुरुवात केली. ती शुक्रीआत्याच्या चुलीपाशी पोचली तोवर खिडकीपुढे बरीच माणसं जमली होती.

"बाई, विरारची गाडी कधी आहे?" मागून कुणीतरी वैतागून ओरडलं.

"आहे, आहे," सरला म्हणाली. "हा एवढा ओढा उतरू द्या."