फिरायच्या आधीच मेलेली डिस्क

भद्रावतीच्या फोटो स्टुडिओवाल्या बाई सकाळच्या एसटीनं आल्या, डिस्का बसवलेला कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन. चंद्रपुरातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात तो टेबलावर ठेवत म्हणाल्या, "भाऊ, जुन्या डिस्का दिसूनच नाई राह्यल्या. विहारातल्या लग्नाचं सारं शूटिंग त्यातच हाय. लग्न झालं अन् नवरीचे बाबा गेले. पोरीले काय सांगू आता?"

डब्यात दोन प्रकारच्या डिस्क होत्या. आत चकती फिरणाऱ्या जुन्या, आणि नुसती चिप असलेल्या नव्या. सगळ्यांना सांभाळणारं एकच कंट्रोलर कार्ड, आणि ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर. तो आदल्या दिवशी आपोआप नवा झाला होता.

मी डबा चालू केला. पडद्यावर लगेच आलं, डिस्क खराब. आणि त्यानंतर जुनी डिस्क घुर्र करून फिरायला लागली! मेली म्हणून सांगून झाल्यावर!

नवा ड्रायव्हर सगळ्यांना 'आहेस का?' विचारायचा आणि उत्तरासाठी सगळ्यांना सारखाच, अगदी थोडा वेळ द्यायचा. चिप तेवढ्यात उत्तर देते. चकतीला वेग घ्यायला वेळ लागतो, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल? दुकानाचे मालक भाऊ, त्यांनी कार्डाच्या कंपनीला फोन लावला. तिकडून थंडपणे सांगितलं, "जुन्या काढून टाका, सगळ्या नव्या बसवा."

माझं डोकंच फिरलं. चांगली डिस्क काढून टाका?

सिरोंचाकडं आमच्या घरात तेलुगू. शाळेत गुरुजी मराठीत विचारायचे, मी मनात उत्तर जुळवेपर्यंत "बस खाली" व्हायचं. सातवीनंतर गेलोच नाही. इथं भाऊंनी पहिल्या दिवशी काहीतरी विचारलं आणि माझं उत्तर येईपर्यंत निवांत चहा पीत बसले. ते उपकार मी विसरलेलो नाही.

"भाऊ, जुनाच ड्रायव्हर टाकून पाहू?" मी भीतभीतच विचारलं.

"अन् होतं ते बी गेलं तं?" बाई.

"डिस्कवर आपण काईच लिहून नाई राह्यलो, बाई," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडं वळले, "टाक रे."

जुना ड्रायव्हर टाकला. डबा चालू केला. घुर्र आवाज आला. पडदा कोरा. बाईंनी पदराचं टोक दातांत धरलेलं. मग एक डिस्क दिसली, मागून दुसरी. भाऊंनी आधी लग्न तेवढं दुसरीकडं उतरवून घेतलं. बाईंनी नवरीचे बाबा दिसेपर्यंत व्हिडिओ पाहिला, मगच खुर्चीवर टेकल्या.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात आलं, नवा ड्रायव्हर आलाय, टाकायचा का? मी 'नाही' दाबलं.

"हळू, बाबू," भाऊ म्हणाले, "माऊस मोडशीन."