न वळणारा रॅम्प

"काळेजी, हा वळत का नाहीये?" शिंदे मॅडमनी मला विचारलं.

बोलिंगच्या लेनच्या टोकाला उजव्या कोपऱ्यात एकच पिन उभा होता. बाकीचे नऊ पडले होते. मॅडमच्या समोर मी बनवलेला, बॉल घरंगळत सोडायचा लोखंडी रॅम्प होता आणि त्यांच्या कॉलेजचे स्पोर्ट्स ऑफिसर दुबेजी दोन्ही हातांनी तो उजवीकडे वळवायला बघत होते. रॅम्प तसूभर हलला नाही. हलणार कसा? हलू नये म्हणूनच तर मी तो बनवला होता.

आता हे सगळं झालं कसं, ते सांगतो.

मी रिटायर्ड माणूस. मूळचा सांगलीचा, पण नोकरी सगळी इंदूरजवळ पीथमपूरच्या फॅक्टरीत झाली आणि घर इंदूरच्या सुदामा नगरात. एकतीस वर्षं मी फिक्स्चर डिझाइन केले. फिक्स्चर म्हणजे वेल्डिंग किंवा ड्रिलिंग करताना पार्ट हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारा साचा. आमच्या धंद्यात एक मंत्र असतो, पोका-योके. जपानी शब्द आहे. सोपा अर्थ असा की ऑपरेटरने मनात आणलं तरी त्याच्या हातून चूक होता कामा नये. पार्ट उलटा बसवायला गेला तर बसणारच नाही. या कामात माझं नाव होतं आणि मला त्याची गुर्मीही होती, खोटं कशाला बोलू.

रिटायर झाल्यावर घराच्या मागे छोटं वर्कशॉप टाकलं. एक दिवस बोलिंग सेंटरचा मॅनेजर संजूभिया आला; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. त्याच्याकडे जवळच्या राऊ गावच्या एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लेक्चरर यायच्या, शिंदे मॅडम. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, मूठ मिटत नव्हती. बोलिंगच्या बॉलला तीन भोकं असतात, त्यात बोटं घालून तो उचलायचा. ते त्यांना जमेना. मग हँडलवाला बॉल आणून बघितला. त्याचं हँडल हातातून सुटलं की स्प्रिंगने आपोआप आत जातं. पण हँडल धरायला तरी मूठ हवीच ना.

"भिया, रॅम्प ही चाहिए," संजूभिया म्हणाला. "ऊपर बॉल रख दो, मॅडम हथेली से धक्का दें, बस. पर इनके टूर्नामेंट से पहले चाहिए."

टूर्नामेंट म्हणजे चार-पाच कॉलेजांच्या स्टाफची. टीम चौघांची. मॅडम सहा वर्षं त्या टीममध्ये होत्या. या वर्षी एक तरुण लेक्चरर त्यांच्या जागी घ्यावा असं कॉलेजात चाललं होतं. दुबेजींनी प्रिन्सिपलसमोर शब्द टाकला होता की मॅडम स्वतःच्या स्वतः खेळून दाखवतील, नाहीतर मग बघू. थोडक्यात, मॅडमची जागा माझ्या रॅम्पवर अवलंबून होती. हे मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते पुढे वाचा.

मॅडमनी मला दोनदा फोन केला. पहिल्यांदा विचारलं, "मी वर्कशॉपवर येऊन जाऊ का? थोडं डिस्कस करून घेऊ."

मी म्हणालो, "कशाला त्रास घेता? तुम्ही सीधं टूर्नामेंटला या आणि ढकला."

दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ड्रॉइंग टाकलंय, देख लो जरा."

"हो हो, बघतो," मी म्हणालो. मेसेजला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. ड्रॉइंग उघडलं नाही. फॅक्टरीत आम्ही ऑपरेटरला ट्रायलला कधीच बोलावत नव्हतो. फिक्स्चर सेट करायचा, बोल्ट सील करायचे आणि मग त्याच्या हातात द्यायचा. तीच सवय इथे लावली.

टूर्नामेंटच्या आधी एका सकाळी सेंटर उघडायच्या आत मी आणि संजूभियाने पोहे खाऊन ट्रायल घेतल्या. पहिल्या पिनच्या जरा उजवीकडे बॉल लागला की जास्तीत जास्त पिन पडतात. तो अँगल सापडेपर्यंत आम्ही कितीतरी बॉल सोडले. सापडला तसा मी रॅम्प फ्रेमला वेल्ड करून टाकला. फ्रेमला खाली दोन पाय दिले, ते लेनच्या दोन्ही बाजूंच्या गटरमध्ये अडकायचे. गटर म्हणजे लेनच्या कडेच्या खोलगट पट्ट्या, चुकलेला बॉल त्यात जातो. आता कुणीही ढकलो, बॉल त्याच रस्त्याने जाणार. मी संजूभियाला म्हणालो, "आता चूक करून दाखवा." तो हसला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

टूर्नामेंटच्या दिवशी मॅडम तासभर आधी आल्या. "एक बार करून बघू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "त्यात करून बघण्यासारखं काही नाही मॅडम. तुम्हाला काही करायचंच नाहीये."

हे वाक्य आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

पहिला बॉल. सगळे दहा पिन पडले. टाळ्या झाल्या. मॅडम हसल्या नाहीत, रॅम्पकडे बघत राहिल्या. पुढच्या फेरीत नऊ पडले आणि तो कोपऱ्यातला एक उरला. बोलिंगमध्ये उरलेले पिन पाडायला दुसरा बॉल मिळतो. सगळं कसब त्या दुसऱ्या बॉलचं असतं, आणि तो बॉल माझ्या डोक्यातच आला नव्हता. एकतीस वर्षांचा अनुभव, आणि खेळात बॉल दोन असतात हे मी विसरलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

"वळत का नाहीये?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"वेल्ड आहे," मी म्हणालो.

"खोलता येणार नाही?"

"नाही."

दुबेजींनी तो उचलून तिरका ठेवून पाहिला. गटरमधून पाय निघाले की तो उभाच राहीना. शेवटी मॅडमनी बॉल तसाच ढकलला. नऊ पिन गेल्याने मधे मोकळं मैदान होतं. बॉल त्यातून डौलात गेला. कोपऱ्यातला पिन जागच्या जागी.

तेव्हा दुसऱ्या टीमचे कॅप्टन उठले. चांगला माणूस, आवाजही खालीच होता. "मॅडम से हमें कोई शिकायत नहीं है," ते म्हणाले, "पर ये तो मशीन खेल रही है. इसमें मॅडम कहाँ हैं?"

संजूभिया पंचही होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मॅडमचा स्कोअर धरायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. टीम तिघांनी खेळली आणि हरली. मॅडम मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

निदान तेव्हा तरी माफी मागावी? छे. मी जवळ जाऊन म्हणालो, "अहो, तुमच्या परिस्थितीत एवढे पिन पडले, हेच पुष्कळ नाही का?"

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गात मठ्ठ मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, "काळेजी, पिन पाडणं तर उताराचं काम आहे, फिजिक्स आहे ते. नेम मला धरायचा होता. हातांचं सगळं गेलं, तेवढंच उरलंय माझ्याकडे. तेही तुम्ही वेल्ड करून टाकलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलो आणि ड्रॉइंग उघडलं. ग्राफ पेपरवर काढलेलं. रेघा थरथरलेल्या, पण मापं चोख. रॅम्पखाली मधोमध एक पिव्हट, म्हणजे ज्यावर तो फिरेल असा खुंट. बाजूला अंशांच्या खुणा, पुढे नेम धरायला काटा. खाली लिहिलं होतं, "फिरवायला दुसऱ्याची मदत चालेल. पण किती फिरवायचं ते मी सांगणार." त्या वाकड्या बोटांनी हे काढायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे मनात आलं आणि मला स्कूटर सुरू करवेना.

घरी बायकोला सांगितलं. ती इंदूरचीच, तोंडाची फटकळ. "अहो, दिवाळीला साडी आणतानासुद्धा तुम्ही मला विचारत नाही," ती म्हणाली. एवढंच बोलून आत गेली.

तीन दिवस माझी हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी मान हलवली, "काही नाही, काही नाही" असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बेअरिंग कोणतं टाकणार?" मग आम्ही तासभर ड्रॉइंग घेऊन बसलो. दोन मापं मी चुकवली, ती त्यांनी दुरुस्त केली.

नवा रॅम्प त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवला. तीन ट्रायल झाल्या, तिन्हींना त्या हजर होत्या. तोपर्यंत कॉलेजने टीममध्ये त्यांच्या जागी तो तरुण लेक्चरर घेतला होता. दुबेजी म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मला त्यावर काही बोलायचा हक्क नाही.

मॅडम दर रविवारी खेळायला येतात, रॅम्प वळवायला मी जातो. "थोडं उजवीकडे. अजून. बस. आता हात काढा," त्या सांगतात. मी हात काढून मागे होतो. पहिल्या रविवारी पहिलाच बॉल गटरमध्ये गेला. अर्धा अंश जास्त झाला होता. ते मला आधीच दिसलं होतं, पण बोललो नाही. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि दुसरा बॉल ठेवायला सांगितलं.

धडा म्हणाल तर छोटाच आहे. आलेलं ड्रॉइंग उघडून बघावं. मला ते बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि त्याची किंमत मी नाही, मॅडमनी भरली.