नानांचा हात आणि नवी रायफल

नाशिकहून निघालो तेव्हा डिकीत एक लांबट काळी पेटी होती. तिचा परवाना खिशात होता, काडतुसं वेगळ्या डब्यात होती, सगळं नियमाप्रमाणे. धुळ्यापर्यंतचा रस्ता ओळखीचा. मालेगाव मागे पडलं, उन्हं उतरायला लागली आणि उजव्या हाताला लळिंगचा किल्ला दिसला. तो दिसला की मला दरवेळी बरं वाटतं, धुळं आलं म्हणून. या वेळी थोडी धास्तीही वाटली.

पेटीत नवी रायफल होती. पॉइंट टू टू, रिमफायर (पिन काडतुसाच्या मधोमध न आपटता कडेवर आपटते, ती). हिने कागदावरचं काळं वर्तुळ सोडून कशावर नेम धरायचा नाही. नवी रायफल घेतली की ती किती नेमकी आहे हे तपासावं लागतं. शिवाय या जातीचा एक नखरा असतो. प्रत्येक नळीला स्वतःचं काडतूस आवडतं. कंपनी तीच, नाव तेच, पण लॉट (कारखान्यातली खेप) बदलला तरी ती रुसते. म्हणून मी तीन लॉट बरोबर घेतले होते. जळगावच्या पुढे पहूरच्या रस्त्याला एका क्लबची पन्नास मीटरची रेंज आहे, तिथे चाचणी करायची होती. नाशकात रेंज नाही असं नाही. पण मला चाचणीला नाना हवे होते, आणि नाना दुसरीकडे कुठे आले नसते.

नाना म्हणजे धुळ्यातल्या एका शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. फळ्यावर खडूने एका दमात वर्तुळ काढायचे, आणि ते खरंच वर्तुळ असायचं. मी नोकरीनिमित्त धुळ्यात होतो तेव्हा त्यांनीच मला नेम धरायला शिकवलं.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हा सगळा प्रवास तिच्यासाठीच होता. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेहून परतताना नानांची रायफल मी गाडीत ठेवत होतो. पेटीची एक कडी लावली, दुसरी राहिली. पेटी उचलली तशी ती उघडली आणि रायफल तोंडावर खडीत पडली. नाना चहा सांगायला गेले होते. मी ती पुसली, नळीच्या तोंडावरून नख फिरवलं. कडेला बारीक टवका उडाला होता, नखाला लागेल एवढा. नळीचं तोंड खराब झालं की गोळी सुटताना वाकडी होते, हे मला ठाऊक होतं. नानांनीच शिकवलं होतं. मी दोन्ही कड्या लावल्या आणि चहा प्यायला गेलो.

त्यानंतर नानांची भोकं कागदभर पसरायला लागली. त्यांनी चष्मा बदलला, चहा सोडला, रक्तदाब तपासून घेतला. रायफलीला दोष देणारा नेमबाज सुधारत नाही, असं ते आम्हाला बजावत; स्वतःलाही त्यांनी तोच न्याय लावला. शेवटी एकदा मला म्हणाले, "हात गेला, सुधाकर. वय झालं." मी मान हलवली.

रायफल पडली तो अपघात होता. मान हलवली तो अपघात नव्हता. मी मुळात कमी बोलतो. ऑफिसात लोक त्याला समंजसपणा समजतात, आणि मी त्यांना तसं समजू देतो.

देवपुरातल्या त्यांच्या घरी पोचलो तर अक्का, म्हणजे नानांची बायको, ओट्यावरच उभ्या होत्या.

"कितला वाळी गया रे भाऊ (किती वाळलास रे)," त्या म्हणाल्या. माझं वजन वाढलं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर शेजारची सून आली, अक्कांना खुर्चीत मान मागे टाकून बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकून गेली. पूर्वी हे काम नानांचं होतं. मी काही विचारायच्या आत अक्काच म्हणाल्या, "यासना हात थरथरस म्हने (यांचा हात थरथरतो म्हणे). माले तं काही दिसत नही थरथरताना."

"तुझे डोळेच अधू," नाना म्हणाले, "तुला काय दिसणार?"

दोघं हसले. मी पाणी पीत राहिलो.

सकाळी निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती. नाना मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसले. ते यायला तयार झाले होते एका अटीवर: दुर्बिणीतून भोकं बघून सांगतील, रायफलीला हात लावणार नाहीत. माझा मनातला बेत वेगळा होता. कसंही करून त्यांच्याकडून पाच गोळ्या मारून घ्यायच्या. कागद बघून त्यांचं त्यांनाच कळेल की हात शाबूत आहे. मग मला काही बोलावंच लागणार नाही. बेत मला फार हुशार वाटत होता.

पारोळ्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदाराने डिकी उघडायला लावली, पेटी बघितली, परवाना उलटसुलट वाचला.

"वाघ मारायला निघाले का काय, साहेब?"

"वाघ नाही," नाना आतूनच म्हणाले. "कागद."

"कागद मारून मिळतं काय?"

"दुसरा कागद. त्यावर आपलं नाव असतं."

हवालदार हसला आणि त्याने डिकी स्वतः बंद केली. कपाशीची शेतं वेचून झाली होती, बांधांवर काड्यांचे ढीग लागले होते. एरंडोलला गाडी थांबवून शेवभाजी खाल्ली. सकाळच्या वेळी शेवभाजी खाणाऱ्याला नाशकात वेड्यात काढतील. इथे आमच्याआधी तीन टेबलं भरली होती. नानांनी वरची तर्री (तिखट तेलाचा तवंग) चमच्याने काढून माझ्या ताटलीत टाकली. "तू अजून तरुण आहेस, सोस," म्हणाले. पद्मालयाचा फाटा दिसला तेव्हा येताना गणपतीला जाऊ, असंही म्हणाले. ते दरवेळी म्हणतात.

जळगाव ओलांडून पहूरचा रस्ता धरला. रेंज म्हणजे मातीचा उंच बांध, पत्र्याची शेड आणि डाव्या अंगाला लागून दूरवर गेलेली केळीची बाग. राखणदार सलीमभाई पूर्वी जळगावात सुतारकाम करायचे. शेडमधली बाकं त्यांनीच ठोकलेली. त्यांनी लाल झेंडा चढवला आणि नानांना सलाम केला.

"गुरुजी, दीड साल झालं, दिसले नाही. आम्हाला वाटलं रागावले."

"रागवायला पण नेम लागतो, सलीमभाई. तो गेला."

मी बाकावर वाळूच्या पिशव्या मांडल्या. चाचणीत पहिल्यांदा माणूस वजा करायचा असतो, म्हणून रायफल पिशव्यांवर टेकवून मारायची. मग जे दिसतं ते नळीचं आणि काडतुसाचं. पहिल्या लॉटच्या पाच गोळ्या मारल्या. नाना दुर्बिणीत डोळा घालून बसले होते.

"आडव्या पसरल्या," ते म्हणाले.

एवढे पैसे घालून घेतलेली रायफल आणि ही पण वाकडी? दुसऱ्या पाच मारल्या. पुन्हा आडव्या. तेव्हा नानांनी दुर्बीण सोडली आणि उघड्या डोळ्यांनी बागेकडे बघितलं.

"तू इथली पानं बघून मारतोयस. ती गप्प आहेत. मध्यावर बघ, जिथे घड काढून झाडं तोडलीत. त्या फटीतून वारा येतोय."

खरंच, आमच्याजवळची केळीची पानं चित्रासारखी स्तब्ध होती आणि फटीजवळच्या फाटक्या पानांच्या पट्ट्या फडफडत होत्या. मग आम्ही त्या पट्ट्या थांबायची वाट बघून मारायला लागलो. पहिला लॉट बरा निघाला. दुसऱ्या लॉटला रायफल खूश झाली. पाच गोळ्यांचं कागदावर एकच भोक, कडेने जरा फाटलेलं. तिसरा लॉट पुन्हा पसरला. म्हणजे निकाल लागला. सलीमभाईंनी कागद आणून दिला तेव्हा नाना तो उन्हात धरून बराच वेळ बघत होते.

"चांगली आहे रे," ते म्हणाले. "फार चांगली आहे."

मग मी जमिनीवर पालथं पडून हातात धरून मारली. पाच भोकं दहाच्या नाण्याखाली झाकली नसती, पण माझ्या मानाने ठीक.

"आता तुम्ही, नाना."

"नको. नव्या रायफलीच्या कागदावर म्हाताऱ्याची भोकं कशाला."

"कागद फुकट आहे, गुरुजी," सलीमभाई म्हणाले. "मारा की."

नाना हसले, जागचे हलले नाहीत. माझा हुशार बेत तिथेच संपला.

सलीमभाईंनी दुपारी भरीत केलं. हिरवी लांब वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजली, बडगीत (लाकडी खोलगट भांड्यात) मिरच्या-लसणाबरोबर ठेचली आणि वर कांद्याची पात टाकली. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची). धूर नाकात, हाताला चटका, आणि समोर केळीची सावली. इतकं चांगलं जेवण मला त्या वर्षात मिळालं नव्हतं. सलीमभाईंनी कढत तेलाचा डाव नानांपुढे केला. "गुरुजी, फोडणी तुम्ही घाला. मोठ्या माणसाचा मान."

नानांनी डाव हातात घेतलाच नाही. "सुधाकरला द्या. माझ्याकडून सांडेल."

ते इतक्या सहज म्हणाले, जणू आपलं नाव सांगत होते. मी फोडणी घातली. मग बोललो.

"नाना, तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

"डॉक्टर झालास का?"

"तुमची रायफल माझ्या हातून पडली होती. त्या स्पर्धेहून येताना. कडी लावायची राहिली माझ्याकडून. तोंडावर पडली, टवका उडालाय."

सलीमभाई उठले आणि मघाशीच बघून झालेले कागद पुन्हा बघायला गेले. नानांनी तोंडातला घास चावून संपवला.

"कुठल्या बाजूला?"

"खाली, उजवीकडे."

त्यांनी बोटाने हवेत वर्तुळ काढलं. पूर्ण, एका दमात. मग खाली उजवीकडे टिंब दिलं. "इथे?"

"हो."

"आणि तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"मी हात गेला म्हणालो तेव्हा तू मान हलवलीस."

"हो, नाना."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "अक्काच्या डोळ्यांचं औषध मी दुसऱ्याच्या हातात दिलं, सुधाकर."

त्यांनी हात धुतले, पंच्याने एकेक बोट पुसलं आणि माझं नेमबाजीचं जाकीट अंगात चढवलं. ते त्यांना ढगळ होत होतं. पालथे पडले. दुसऱ्या लॉटची पाच काडतुसं मी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली आणि मागे सरकलो. फटीतली पानं थांबेपर्यंत ते थांबत, इतके की मला वाटे आता मारतच नाहीत. मग एक बारीक ठोका. पुन्हा वाट बघणं.

कागद आला. चार भोकं एकात एक, रुपयाखाली सहज झाकली जातील अशी. पाचवं जरा बाजूला.

"वारा होता," मी म्हणालो.

"वारा नव्हता," नाना म्हणाले. त्यांनी त्या पाचव्या भोकावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "ही चूक माझी. ही मात्र माझी आहे."

परतताना पद्मालयाचा फाटा आला तेव्हा, "पुढच्या वेळी," एवढंच. पुढची वेळ आहे हे त्यातून मला कळलं. पारोळ्यापाशी म्हणाले, "नळीचं तोंड नव्याने कापून घेता येईल. खर्च तुझा. गाडी तुझी. पेटीला हात लावायचा नाही तू."

"बरं."

"आणि अक्काला तूच सांगायचं."

दिवेलागणीला धुळ्यात पोचलो. मी अक्कांना ओट्यावरच सगळं सांगितलं, न थांबता. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मंग बठ्ठा दोष कडीना शे का (मग सगळा दोष कडीचा आहे का)?"

"कडीचा नाही, अक्का. माझा."

"तेच इचारी राहिनू (तेच विचारतेय)," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या औषधाची बाटली घेऊन. खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली आणि बाटली नानांपुढे धरली. नानांनी दिव्याकडे तोंड केलं, डाव्या हाताने अक्कांची पापणी वर उचलली. एक थेंब. दुसरा डोळा, एक थेंब. गालावर काही ओघळलं नाही.

"आते बरा व्हयना का तुमना हात (आता बरा झाला का तुमचा हात)?"

"डोळे मीट," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझ्या पेटीच्या दोन्ही कड्या स्वतः लावल्या आणि ओढून बघितल्या. नाशकात पोचल्यावर मी फोन केला.

"पोचलो, नाना."

"पेटी?"

"घरात घेतली."

"कड्या?"

"दोन्ही लावलेल्या."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. हा प्रश्न ते मला आता कायम विचारणार, चारचौघांतही विचारणार. विचारू देत. रायफल उत्तम आहे. दुसऱ्या लॉटची काडतुसं मी आणखी मागवली आहेत, दोघांना पुरतील एवढी.